राउटरचा ॲडमिन पासवर्ड आजच बदला

राउटर उलटा करून बघा. खालच्या स्टिकरवर बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता आणि लॉगिन छापलेलं असतं. घरच्या वायफायवर असताना मोबाइलच्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत तो पत्ता टाका. आत गेल्यावर आधी ॲडमिनचा, म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. इथेच गल्लत होते. आमच्याकडे दोन वर्षं नाव आणि पासवर्ड ‘ॲडमिन-ॲडमिन’च होतं, वायफाय दिलेला कुणीही पाहुणा आत शिरू शकला असता! मग डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय) बंद करा.

ॲडमिनचा पासवर्ड विसरलात, तर मागच्या बारीक भोकातलं रीसेट बटण टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा. पण त्याने इंटरनेटची सेटिंगही पुसली जाते, म्हणून तिचे फोटो आत्ताच काढून ठेवा.