बेस अ‍ॅम्प बिघडला? आधी वायर बघा

तालमीच्या ऐन मध्यात बेस गिटारचा आवाज गेला की सगळ्यांच्या नजरा अ‍ॅम्पकडे वळतात. माझा इतक्या वर्षांचा अनुभव मात्र वेगळा आहे. अ‍ॅम्प आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) ही दोन्ही दणकट जात. घोटाळा बहुतेक वेळा त्यांना जोडणाऱ्या वायरमध्ये असतो, नाहीतर बेसचा (खालच्या सुरांचा) नॉब पूर्ण फिरवणाऱ्या आपल्या हातात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अ‍ॅम्प आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची केबल लावणं. पाव इंची जॅक दोन्हीकडे सारखाच बसतो, म्हणून हे सहज होतं. पण गिटारच्या केबलमध्ये मधली तार केसासारख्या धाग्यांची, बारीक असते आणि तिच्याभोवती जाळी असते. गिटारमधून येणाऱ्या क्षीण सिग्नलला ती पुरते. कॅबिनेटकडे जाणारा करंट वेगळ्याच जातीचा. ३०० वॅट आणि ४ ओम धरले तर साधारण ८.७ अँपिअर होतात. तार तापते, आतलं आवरण मऊ पडतं, जाळी आणि तार चिकटतात आणि अ‍ॅम्पचं आउटपुट शॉर्ट होतं. स्पीकरसाठी दोन जाड तारांची, जाळी नसलेली केबलच घ्या आणि तिला रंगीत टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे अंधारात हातात चुकीची केबल येणार नाही. सोय असेल तिथे स्पीकॉन हा स्पीकरसाठीचा खास प्लग वापरा. तो फिरवून लॉक होतो आणि त्यात गिटारची केबल घुसतच नाही.

त्याच्याच पाठोपाठ ओमचा, म्हणजे विद्युतरोधाचा, गोंधळ. ८ ओमची दोन कॅबिनेट जोडली की १६ ओम होतात असं अनेकांना वाटतं. कॅबिनेटच्या मागचा दुसरा जॅक जवळपास नेहमी पॅरलल (समांतर जोडणीचा) असतो, त्यामुळे होतात ४ ओम. तिसरं ८ ओमचं जोडलं तर २.६७. आता अ‍ॅम्पच्या मागे ‘किमान ४ ओम’ लिहिलेलं असेल, तर तिसऱ्या कॅबिनेटनंतर तो तापून बंद पडणार किंवा जळणार. ८ आणि ४ ओमची जोडीही २.६७ वरच येते, शिवाय ४ ओमच्या कॅबिनेटला दोन तृतीयांश ताकद जाते, दुसरं उपाशी राहतं.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं गणित उलट आहे (हा ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालतो), आणि इथे घाई फार नडते. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प कॅबिनेटशिवाय चालू राहिला तर सहसा काही होत नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र लोड (म्हणजे जोडलेलं कॅबिनेट) नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर प्रचंड व्होल्टेज चढतं आणि तो कायमचा जाऊ शकतो. ओमचा स्विच कॅबिनेटशी जुळवा, आधी केबल, मग पॉवर. वाजवताना केबल काढायची नाही म्हणजे नाही.

आता बेसच्या नॉबकडे येऊ, कारण स्पीकर इथेच फाटतात. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्‌झची. पाच तारांची खालची तर ३१ च्या आसपास. खोलीत एकट्याने वाजवताना हा खालचा भाग वाढवला की मन भरून येतं. पण १० डेसिबल वाढवणं म्हणजे त्या पट्ट्यात दहापट ताकद मागणं, आणि ती अ‍ॅम्पकडे नसते. शिवाय पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये पोर्टच्या ट्यूनिंगखालच्या सुरांना कोनला (स्पीकरच्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही. तो नुसताच मागेपुढे झेपावत राहतो. धप्‌धप्‌ असा कोरडा आवाज आला तर ताबडतोब हात आवरा.

खरं म्हणजे ती खालची तार आपल्याला ऐकू येते ती बरीचशी ८२ आणि १२३ हर्ट्‌झच्या सुरांमुळे. मूळ सूर कान स्वतः भरून घेतो. म्हणून बँडमध्ये बेस हरवला की बेसचा नॉब नव्हे, २५० ते ८०० हर्ट्‌झमधले मिड वाढवा आणि अगदी खालचा, ३५ हर्ट्‌झखालचा भाग हाय-पास फिल्टरने कापा. एकट्याला हा आवाज नाकातला वाटेल. ड्रमसोबत तोच बरोबर बसतो.

‘छोटा अ‍ॅम्प मोठा स्पीकर जाळू शकत नाही’ यावरही विसंबू नका. १०० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण क्लिप होऊ (मर्यादेबाहेर जाऊन आवाज कापू) लागला की सरासरी जवळपास २०० वॅटपर्यंत ओतू शकतो. ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) सगळ्यात आधी जातो.

बिघाड शोधताना क्रम मोडू नका. बेस सक्रिय (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर ९ व्होल्टची बॅटरी बदला, मग केबल. तरीही आवाज क्षीण किंवा अधूनमधून जात असेल तर अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट लूपच्या (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या सोयीच्या) सेंड आणि रिटर्नमध्ये छोटी केबल लावून पाहा. आवाज परत आला तर रिटर्नच्या जॅकचा संपर्क काळवंडलाय, तो स्वच्छ करायला हवा. कॅबिनेट तपासायला अ‍ॅम्पपासून सोडवलेल्या स्पीकर केबलच्या टोकाशी मल्टिमीटर लावा. ८ ओमचं कॅबिनेट साधारण ५.५ ते ७ ओम दाखवतं. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे.

दोन कॅबिनेट एकत्र लावल्यावर बेस वाढण्याऐवजी पातळ झाला तर एकाची तार उलटी आहे. माझ्याकडे हे एकदा घडलं होतं आणि मी तासभर ईक्यूशी (सुरांच्या नॉबांशी) झगडत बसलो. साधी दीड व्होल्टची बॅटरी केबलच्या टोकांना क्षणभर टेकवा, धन टोक जॅकच्या टोकाला. दोन्ही कॅबिनेटचे कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत.

घरघर येत असेल तर स्पीकर बदलायच्या आधी हँडल, जाळी आणि चाकांचे स्क्रू आवळा. गुणगुण येत असेल तर मात्र अर्थिंगची पिन कधीही काढू नका. त्याऐवजी डीआय बॉक्सवरचा (बेस आणि मिक्सर जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट दाबा. आणि अ‍ॅम्पचं झाकण उघडायचं काम जाणकाराकडे सोपवा, कारण प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जीव घेण्याइतकं व्होल्टेज धरून ठेवतात.