रेस आपोआप वर-खाली होते? आधी त्या स्क्रूचा नाद सोडा

पाय पेडलवर नाही, गाडी न्यूट्रलला आहे, तरी इंजिन भुंऽऽ करत १,८०० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) जातं, धपकन खाली येतं, पुन्हा वर. अशी गाडी समोर आली की मी पहिला प्रश्न विचारतो: "आतापर्यंत काय काय बदललंत?" उत्तर ऐकायला खाली बसावं लागतं.

मुळात बिघाड आहे का, ते आधी ठरवा. गरम झालेलं पेट्रोल इंजिन साधारण ६५० ते ९०० आरपीएमवर चालतं. थंड असताना १,२००-१,५०० दिसले तर ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, ती रेस मुद्दाम वाढवलेली असते. एसी चालू केल्यावर काटा थोडा हलला तरी घाबरायचं कारण नाही. रेडिएटरचा पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत थांबा आणि मग काय ते बोला. एवढा धीर नसेल तर बॉनेट उघडूच नका.

आता माझं जुनं दुखणं, थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) स्टॉप स्क्रू. कार्ब्युरेटरच्या काळात स्क्रू फिरवून स्लो (पाय पेडलवर नसतानाची रेस, म्हणजेच आयडल) सेट करायची सवय लागली ती लागलीच. इंजेक्शनच्या गाडीत त्या स्क्रूचं काम एवढंच, की थ्रॉटलची पाकळी बंद होताना भिंतीत रुतू नये. रेस सांभाळायचं काम ईसीयूचं.

एक गाडी माझ्याकडे आली ती काढलेल्या पार्टसच्या पिशवीसकट. मूळ तक्रार रेस वाढण्याची नव्हतीच. गाडी उभी राहिली की बंद पडायची. पाकळीच्या कडेला कार्बन साचून हवा अडत होती. कुणीतरी साफ करण्याऐवजी स्क्रू आत पिळला. गाडी बंद पडायची थांबली, सगळे खूश. काही महिन्यांनी दुसऱ्या कुणी थ्रॉटल बॉडी चकाचक धुतली. कार्बन गेला, पण पिळलेल्या स्क्रूमुळे पाकळी उघडीच राहिली. रेस १,९०० वर स्थिर. मग आयडल मोटर (आयडलला लागणारी हवा कमी-जास्त करणारी) बदलली, फरक शून्य. मग थ्रॉटल पोझिशन सेन्सर (पाकळी किती उघडी ते सांगणारा) बदलला, आणि बसवताना त्या अर्धवट उघड्या पाकळीलाच 'बंद' धरून सेट केला. इथून खरी मजा सुरू झाली. ईसीयूला वाटलं, पाय पेडलवरून काढलाय आणि आरपीएम मात्र जास्त, म्हणजे गाडी उतारावर आहे. त्याने इंधन तोडलं. रेस पडली, इंधन परत सुरू केलं, रेस चढली, परत तोडलं. हाच तो झोका.

मीही अर्धा दिवस हवेची गळती (बाहेरची हवा फटीतून आत शिरण्याची जागा) शोधण्यात घालवला. स्क्रूच्या नटावरची कंपनीच्या सीलची लाख फुटलेली दिसली तेव्हा स्वतःच्याच कपाळावर हात मारला. पाकळी रुतणार नाही इतपत बंद केली, सेन्सर मॅन्युअलमधल्या व्होल्टेजवर आणला, ईसीयूला आयडल पुन्हा शिकवलं. नवा पार्ट एकही लागला नाही. तेव्हापासून आधी ती लाख बघतो, मग बाकीचं.

दुसरी चूक म्हणजे गळती शोधायला तापलेल्या इंजिनवर कार्ब क्लीनर फवारणं. ते पेटतं, बाबांनो. मी पक्कड घेतो, जबड्याला फडकं गुंडाळतो आणि इनटेकला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला) जाणारा एकेक रबरी पाइप हलकेच दाबतो. ज्या पाइपला रेस एकदम बदलते, तिथे काहीतरी आहे. ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) आणि पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारा) पाइप खालच्या बाजूने चिरतो, म्हणून बोट फिरवून बघा. नुसतं वरून बघून काही दिसत नाही. पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तरी हेच होतं. काही गाड्यांत ऑइलचं झाकण नीट न लागल्यानेही रेस बिघडते. स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) बघा. एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत आयडलला तो बराच अधिक (+) आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्यावर येत असेल, तर हवा मागच्या दाराने येतेय. मॅप सेन्सरच्या (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत ट्रिम फसवा असतो. तिथे जास्तीची हवा मोजली जाते आणि रेस सरळ वाढते.

स्कॅनरवर बिघाडाचा कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं समजू नका. कूलंट टेम्परेचर सेन्सर खोटं बोलत असला तरी कोड येईलच असं नाही. रात्रभर थांबलेल्या गाडीत स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. सेन्सर मागवण्याआधी कूलंटची पातळीही बघा. सेन्सरच्या टोकाशी हवा अडकली की इंजिन तापूनही ईसीयूला ते थंडच वाटतं.

पेडलला केबल असलेल्या गाडीत केबलला किंचित ढील हवी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नका, बोटही जाईल आणि थ्रॉटलचा आतला गिअरही. साफ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर रेस थोडा वेळ चढी राहू शकते. तुमच्या मॉडेलची आयडल शिकवणी मॅन्युअलप्रमाणे पूर्ण करा, मध्येच रेस देत बसू नका. आणि पेडलवर मॅट चढलेली नाही ना, तेवढं बघा. मी या कारणासाठी दोनदा थ्रॉटल बॉडी उतरवलेली आहे.