बर्नआउट टाळायचा तर आधी ड्युटी लिस्ट नीट लावा

हे हॉस्पिटलच्या युनिटची ड्युटी लिस्ट लावणाऱ्या सीनियर रेसिडेंटसाठी, म्हणजे वरिष्ठ निवासी डॉक्टरसाठी आहे. ध्यानधारणेचं सत्र ठेवून बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने आलेला खोल थकवा, जात नाही. ३६ तास उभ्या असलेल्या जेआर-वनला (पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला) ते सत्र म्हणजे आणखी एक ड्युटीच.

आधी १४ दिवस प्रत्येकाने टिपून ठेवावं: आलो कधी, सुटलो कधी, झोपलो किती आणि डॉक्टरची नसलेली कामं किती केली. सॅम्पल लॅबमध्ये पोचवणं, ट्रॉली ढकलणं, रिपोर्टसाठी खिडकीशी ताटकळणं, सगळं त्यात आलं. हा शेवटचा रकाना घेऊन मेट्रन (नर्सेसच्या प्रमुख) आणि अधीक्षकांकडे जा. तोंडी तक्रार ‘आमच्या वेळी तर…’ यावर संपते.

मग लिस्ट. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास सुचवले. सहा दिवस १२ तासांप्रमाणे ७२ होतात, म्हणजे हँडओव्हरला जेमतेम दोन तास उरले. युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवशी ज्या दोघांची रात्रपाळी आहे त्यांना सकाळी बोलवूच नका. रात्री ८ ला येऊ द्या, सकाळी ९ पर्यंत सोडा. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावलीतल्या वर्षाच्या २० किरकोळ रजा आणि साप्ताहिक सुट्टी नावानिशी महिन्याच्या सुरुवातीलाच लिहा. ‘नंतर बघू’ म्हटलेली रजा कुणाला मिळत नाही.

लिस्ट मोडते ती सकाळच्या राउंडला. पेशंट ज्याने भरती केला त्यालाच सर विचारणार, या धास्तीने पोस्ट-ड्युटीवाला, म्हणजे रात्रपाळी संपलेला, दुपारी दोनपर्यंत रेंगाळतो. म्हणून हँडओव्हर (पुढच्या डॉक्टरकडे पेशंट सोपवणं) कागदावर हवा, खाटेगणिक एक ओळ: ‘खाट १४, किडनी फेल्युअर, पोटॅशियम रिपोर्ट १० वाजता, ५.५ च्या वर गेलं तर लगेच ईसीजी, मग लेक्चररना फोन.’ ‘पेशंट स्टेबल, रिपोर्ट बघणे’ एवढंच लिहिलंत तर फोन घरी झोपलेल्यालाच जाणार. लेक्चररना आधी सांगून ठेवा की प्रश्न कागद हातात असलेल्याला विचारा.

रात्री उसंत मिळाली तर २० मिनिटांची डुलकी घ्या. तासभर झोपून उठलं की डोकं बराच वेळ जड राहतं. ड्युटी संपल्यावर बाइक नको, रिक्षा करा.

सुट्टीत भरपूर झोपूनही थकवा हटत नसेल, पेशंट नुसता खाट नंबर वाटू लागला असेल, तर लिस्टमधला बदल पुरणार नाही. उदासी दोन आठवडे टिकली किंवा मरणाचे विचार आले, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. संकोच वाटत असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलमधला. टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं. स्वतःच लिहून घेतलेली अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी, सवय लावणारी गोळी) मात्र नको. डॉक्टरही ही चूक करतात.