आर्थिक वाढीच्या आकड्यावरून सुखाचा अंदाज कसा घ्यावा

अर्थव्यवस्था वाढल्याची बातमी आली की काही जण लोक सुखी झाल्याचे गृहीत धरतात, आणि काही जण पैशाने सुख मिळतच नाही असे सांगून विषय संपवतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. हा संबंध तपासण्याची एक रीत आहे आणि ती कोणत्याही जाणत्या वाचकाला अवगत करता येते.

प्रथम आकडा नीट करून घ्यावा. वाढीचा दर महागाई वजा करून, म्हणजे स्थिर किमतींनुसार दिलेला आहे ना, हे पाहावे आणि त्यातून लोकसंख्येची वाढ वगळावी. उत्पादन ७ टक्के आणि लोकसंख्या १ टक्का वाढली, तर दरडोई वाढ सुमारे ६ टक्केच उरते. त्यानंतरही ती सरासरीच असते. वाढीचा मोठा हिस्सा वरच्या थोड्या कुटुंबांकडे गेला, तर मधल्या कुटुंबाच्या हाती फारसे काही न येताही सरासरी चढते. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी घडवली, त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला सादर केलेल्या अहवालात, या मापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा निष्कर्ष काढू नये, असा इशारा दिला होता.

मग कोणते सुख मोजले आहे, हे विचारावे. जागतिक आनंद अहवालात लोकांना ० (सर्वांत वाईट आयुष्य) ते १० (सर्वांत चांगले आयुष्य) पायऱ्यांची शिडी कल्पून आपले आयुष्य कितव्या पायरीवर आहे, असे विचारतात आणि उत्तरांच्या तीन वर्षांच्या सरासरीवर देशांचा क्रम लावतात. उत्पन्न, आरोग्य, सामाजिक आधार हे घटक क्रमाचे स्पष्टीकरण देण्यासाठी नंतर वापरले जातात. त्यांना गुण देऊन क्रम ठरतो, हा समज चुकीचा आहे. २०२४ च्या अहवालात १४३ देशांत भारत १२६ वा होता, फिनलंड पहिला आणि दरडोई उत्पन्नात फिनलंडच्या पुढे असलेली अमेरिका २३ वी. मात्र ही शिडी म्हणजे स्वतःच्या आयुष्याविषयीचा निवाडा आहे. काल दिवसभर चिंता वाटली की समाधान, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही वेगळे येऊ शकते.

या तपासणीचा तिसरा टप्पा म्हणजे एका वेळची तुलना आणि काळानुसार होणारा बदल वेगळे ओळखणे. तो सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथे थोडे थांबावे. एकाच वेळी श्रीमंत आणि गरीब यांची तुलना केली, तर श्रीमंत अधिक समाधानी आढळतात. परंतु अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टर्लिन यांनी १९७४ मध्ये दाखवले की १९४६ ते १९७० या काळात अमेरिकेचे उत्पन्न बरेच वाढूनही लोकांनी सांगितलेले सुख त्या प्रमाणात वाढले नाही. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये अनेक देशांच्या आकडेवारीवरून या निष्कर्षाला आव्हान दिले आणि वाद अजून मिटलेला नाही. तरीही ईस्टर्लिन यांनी पुढे केलेले कारण मला आपल्या भोवती रोज दिसते: माणूस आपले उत्पन्न शेजाऱ्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहतो. भांडवलशाहीत या तुलनेला बाजारभावाची जोड मिळते. चांगल्या वस्तीतील घरे आणि नावाजलेल्या महाविद्यालयातील जागा मोजक्याच असतात. सर्वांचे पगार एकदम वाढले तर घरांचे भाव आणि शिकवणीवरचा खर्च चढतो, आणि वाढलेला पैसा आहे तिथेच टिकून राहण्यात संपतो. गरिबाच्या घरी मात्र तीच वाढ औषध आणि पुरेसे अन्न आणते, म्हणून वाढच निरर्थक आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उत्पन्नाची वाढ रुपयांत न मोजता पटींत मोजावी. दरमहा २० हजारांचे ४० हजार होणे आणि २ लाखांचे ४ लाख होणे यांचा शिडीवरील परिणाम साधारण सारखाच मानला जातो, म्हणजे तेच २० हजार रुपये खालच्या घरात कितीतरी अधिक समाधान देतात.

अमुक रकमेनंतर सुख वाढत नाही, या विधानापासून सावध राहावे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी २०१० मध्ये सांगितलेली ७५,००० डॉलरची वार्षिक मर्यादा अमेरिकेपुरती आणि रोजच्या भावनांपुरती होती. त्याच अभ्यासात शिडीवरील गुण पुढेही वाढत होते. संशोधक मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना २०२१ मध्ये भावनांनाही अशी मर्यादा आढळली नाही. पुढे २०२३ मध्ये कानमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह दोन्ही निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा ती मर्यादा मुख्यतः सर्वांत दुःखी अशा सुमारे पाचव्या हिश्शाला लागू असल्याचे दिसले.

वाढीबरोबर रोजगाराचा आकडाही अवश्य पाहावा. अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी १९९४ मध्ये ब्रिटनच्या माहितीवरून दाखवले की बेकारांची मानसिक स्थिती काम असलेल्यांपेक्षा बरीच वाईट असते. नुसता पगार बुडाल्याने हा फरक पूर्णपणे स्पष्ट होत नाही, असे अशा अभ्यासांतून पुढे आले आहे.

हीच रीत घरातही वापरता येते. पगारवाढीचा किंवा नोकरी बदलाचा निर्णय घेण्यापूर्वी महिनाभर रोज रात्री वहीत दोन नोंदी कराव्यात: आज आयुष्य कितव्या पायरीवर वाटते, आणि आज बहुतेक वेळ मन कसे होते. त्या नोंदींच्या बाजूला प्रवासाचे तास, झोप आणि घरच्यांसोबतचा वेळ लिहावा. बदलानंतर सहा महिन्यांनी, नव्या पगाराची सवय झाल्यावर, पुन्हा महिनाभर नोंदी करून दोन्ही महिन्यांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात.