अंबाझरीला पक्षी बघायला निघताय? आधी मोजे दाखवा

वेळेपासून सुरू करू. नागपूरच्या अंबाझरी जैवविविधता उद्यानात पक्षी बघायचे असतील तर सूर्य उगवताना फाटकाशी हजर असा. नोव्हेंबरात तो साडेसहाच्या आतबाहेर उगवतो, जानेवारीच्या सुरुवातीला सातला थोडी मिनिटं कमी असताना. ऊन चढलं की झाडांतली हालचाल मंदावते, आणि पाण्यावरची तिरीप डोळ्यांत घेऊन समोरचं बदक काळं की राखी एवढंच ठरवत बसावं लागतं. फाटक किती वाजता उघडतं, कोणत्या वारी बंद असतं, तिकीट रोख की फोनवरून, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. सुटे पैसे ठेवा. पाणी घ्या. हे सांगायची गरज नाही, पुढे जाऊ.

कपडे. इथे थंडी आणि ऊन एकाच सकाळी भेटतात. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तसं दरवर्षी होत नाही, पण माळावर पहाटे कान गारठतातच आणि अकराला तेच स्वेटर कमरेला बांधून फिरावं लागतं. म्हणून एक जाड नको, दोन पातळ घाला. रंग मातकट किंवा हिरवट. टोपी. अत्तर नको, बॉडी स्प्रे नको. आग्या मोहोळ कोणत्या फांदीला लटकलंय ते आपल्याला माहीत नसतं.

आता मोजे. लोकरीचे नकोत. जाड सुतीही नकोत. घोट्याच्या खाली संपणारे, बुटात लपणारे जे हल्ली सगळे घालतात, ते तर मुळीच नकोत. पावसाळा सरला की आपल्याकडच्या माळांवर कुसळी गवत पिकतं, आणि गेल्या खेपेला मी छान उबदार लोकरी मोजे आणि कापडी बूट घालून त्यात घुसलो. सोबतच्या मंडळींनी गवतावरून खाली-खाली तरंगत जाणारा भोवत्या, म्हणजे माळावरचा शिकारी पक्षी, अगदी निवांत पाहिला. मी तेव्हा दगडावर बसून घोट्यातली कुसळं उपटत होतो.

कुसळ नुसतं चिकटत नाही, आत शिरतं. बीच्या टोकाला अणकुचीदार सुई असते आणि तिच्यावर उलट्या दिशेचे बारीक केस, त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. वर जी लांब शेपटी असते तिला वाळल्यावर दोरीसारखा पीळ पडतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या वळवळीत बी जमिनीत रुजायला खाली खाली जातं. गवताची सोय झाली. पण बी जमिनीऐवजी तुमच्या मोज्यात असेल तर तिथेही ते हेच करणार. पहाटे दवात मोजे भिजतात, ऊन आलं की वाळतात. सातला काही वाटत नाही आणि नऊला पाय टेकवत नाही, त्याचं कारण हे. मेंढ्यांच्या कातडीतसुद्धा कुसळं शिरतात, आपल्या मोज्याची काय कथा!

तेव्हा उपाय ऐका. गुळगुळीत नायलॉनची पूर्ण पँट, जीन्स नको. बूट चामड्याचे किंवा रेक्झिनचे, जाळीचे नकोत. आणि बुटाच्या तोंडापासून पोटरीपर्यंत काहीतरी गुळगुळीत आवरण. दुकानात गेटर मिळतात, घ्या. नाहीतर मोडक्या छत्रीचं कापड शिंप्याकडे द्या आणि वर-खाली इलॅस्टिक घालून नळकांडं शिवून आणा. दिसायला हास्यास्पद आहे. घाला. पिशवीत एक चिमटा आणि मोज्यांचा जादा जोड ठेवा, आणि तो ठेवलाय का ते झोपण्यापूर्वी उघडून बघा. मी सांगितल्यावरही लोक बघत नाहीत.

दुर्बीण असेल तर आठ बाय बेचाळीसची उत्तम: आठपट मोठं दिसतं, पुढची भिंग ४२ मिलिमीटरची, सकाळच्या अंधुक उजेडाला पुरते. दहापटीची हातात थरथरते. उजव्या डोळ्याची कडी घरीच, समोरच्या इमारतीकडे बघून जुळवून घ्या; खंड्या तेवढा वेळ थांबत नाही. कॅमेरा घ्यायचा तर घ्या, पण नवख्याने दोन्ही घेऊ नयेत. हात एकाच गोष्टीत रमतात. पक्षी ओळखायच्या मर्लिन ॲपचा भारतातल्या पक्ष्यांचा संच घरच्या वाय-फायवर उतरवा. आवाज ओळखायला ते ठीक आहे, पण फोनवरून आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचं नाही. तो बिचारा हद्दीत दुसरा नर आला समजून कामधंदा सोडून भांडायला येतो.

कुठे बघायचं ते थोडक्यात. नाग नदी लाव्ह्याच्या टेकड्यांकडून येते, ती अडवून अंबाझरीचा तलाव झाला आणि शहराला नाव देऊन ती पुढे गटारासारखी का वाहते हा वेगळा विषय आहे. काठाच्या बेशरमाच्या झुडपांत पाणकोंबड्या आणि वंचक शोधा. उघड्या पाण्यावर पाणकावळे, नदी सुरय, कवड्या खंड्या. गवताच्या शेंड्यांवर गप्पीदास, दगडांवर शेपूट थरथरवणारा थिरथिरा, हे दोघे हिवाळ्याचे पाहुणे. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा. गवतातला पक्षी बघायला गवतात जावंच लागतं असं नाही, पाऊलवाटेवरून दिसतो. पण तुम्ही जाणारच, म्हणून पुन्हा विचारतो: पायात काय आहे?

खायला तर्री पोहे नेऊ नका, ते परतताना शहरात. संत्री न्या, आंबिया बहाराची आली असतात. सालं परत आणा. काडी-सिगारेट अजिबात नाही. वाळलेला माळ पेटायला एक ठिणगी पुरते. पाळीव कुत्रं नको, त्याच्या कानात कुसळ शिरलं तर डॉक्टरकडे न्यावं लागतं.

पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर असतो, अरण्यावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात सोबत सहज मिळते. शांतता हवी असेल तर तो टाळून मधला वार धरा.

उरलेलं: फोन चार्ज, वही, पेन्सिल, डोक्याला रुमाल, ज्याला लागते त्याची गोळी. घरी आल्यावर कपडे थेट मशीनमध्ये टाकू नका, कुसळं घरच्यांच्या बनियनमध्ये जातात. बाहेर झटका, उरलेली चिमट्याने काढा, मग धुवा. पक्ष्यांची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची तर त्याच दुपारी टाका.