मध्य ऑस्ट्रेलियाच्या दूरच्या रस्त्यांवर लो अ‍ॅरोमॅटिक पेट्रोल कसं वापरावं

मेलबर्न-सिडनीत राहणारी आपली मंडळी सुट्टीत आई-वडिलांना घेऊन उलुरू हा वाळवंटातला प्रचंड खडक बघायला निघतात. बरेच जण अ‍ॅलिस स्प्रिंग्जपर्यंत विमानाने जाऊन पुढे भाड्याची गाडी घेतात. तिथे पंपावर नेहमीच्या 'अनलेडेड 91'च्या जागी 'लो अ‍ॅरोमॅटिक' किंवा 'ओपल' लिहिलेलं दिसलं की हात थबकतो. हे भेसळीचं आहे का? गाडी बिघडली तर ती भाड्याने देणारी कंपनी पैसे कापेल का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. साध्या 91 ऑक्टेन पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत हे पेट्रोल बिनधास्त भरा.

मात्र ते तिथे का विकलं जातं हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना नियमांच्या जंत्रीसारख्या वाटणार नाहीत.

पेट्रोलमध्ये बेंझीन, टोल्युइन, झायलीन असे अ‍ॅरोमॅटिक घटक असतात. ते ऑक्टेन (इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता) वाढवतात म्हणून तेलशुद्धीकरणात त्यांना किंमत आहे. भारतातल्या बीएस-6 मानकांतही त्यांचं प्रमाण 35 टक्क्यांपर्यंत चालतं. पण पेट्रोल हुंगल्यावर जी नशा चढते तीही मुख्यतः यांच्यामुळेच. मुंबईच्या स्टेशनांवर रुमालात थिनर किंवा सोल्युशन घेऊन ओढणारी मुलं आपण पाहिली आहेत. तिथेही मुख्य विष टोल्युइनच. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी वस्त्यांमध्ये कित्येक वर्षं आदिवासी मुलं डब्यात पेट्रोल घेऊन हुंगत होती. त्यात मेंदू कायमचा अधू होतो, चालणं-बोलणं जातं, कधी जागच्या जागी जीवही जातो. उलुरूच्या पायथ्याशी असलेल्या मुटिजुलु वस्तीतल्या तरुणांच्या मृत्यूंची 2005 मध्ये कोरोनरने (मृत्यूच्या कारणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) चौकशी केली, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं.

उपाय शोधण्यात वस्त्यांमधले लोकच पुढे होते. आया-आज्यांनी आवाज उठवला. एनपीवाय विमेन्स कौन्सिलसारख्या आदिवासी स्त्रियांच्या संघटना वर्षानुवर्षं सरकारदरबारी भांडल्या. 90 च्या दशकात काही वस्त्यांनी गाड्यांमध्ये चक्क विमानाचं पेट्रोल वापरायला सुरुवात केली, कारण त्यात अ‍ॅरोमॅटिक घटक कमी असतात. पण त्यात शिसं होतं. मग 2005 मध्ये बीपी कंपनीने 'ओपल' आणलं: शिसं नाही, ऑक्टेन 91 आणि अ‍ॅरोमॅटिक घटक साध्या पेट्रोलमधल्या सुमारे 25 टक्क्यांच्या जागी जास्तीत जास्त 5 टक्के. ते बनवायला महाग पडतं, म्हणून सरकार अनुदान देतं. पुढे उत्तरेकडे व्हिवा एनर्जी ही कंपनीही ते पुरवू लागली. मेन्झीज संशोधन संस्थेच्या पाहणीत, जिथली आधीची आणि नंतरची आकडेवारी जुळवता आली अशा 11 वस्त्यांमध्ये पेट्रोल हुंगणाऱ्यांची संख्या 453 वरून 22 वर आल्याचं दिसलं. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. पंपावरचं पेट्रोल बदलल्यामुळे इतकी मुलं वाचली, पण ते टिकायचं तर तिथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीने साथ द्यायला हवी. त्यात तुमची भाड्याची गाडीही आली.

निघण्याआधी: गाडीला काय चालतं ते पाहा

टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी असते. तिथे 'अनलेडेड' किंवा '91' लिहिलं असेल तर प्रश्न मिटला. 'डिझेल' लिहिलं असेल तर हा लेख तुमच्या गाडीसाठी नाही, कारण डिझेल सगळीकडे असतं तेच असतं. भाड्याच्या मोठ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या बहुतेक डिझेलवरच चालतात, म्हणून नोझल उचलण्याआधी ही चिठ्ठी वाचाच.

'प्रीमियम 95' किंवा '98' असेल तर थोडं नियोजन लागतं. लो अ‍ॅरोमॅटिक पेट्रोल हा साध्या 91 चा पर्याय आहे, प्रीमियमचा नाही. मॅन्युअलमध्ये '95 श्रेयस्कर, किमान 91' असं असेल तर चालून जाईल. 'किमान 95' असेल तर आडवाटेच्या पंपांवर प्रीमियम मिळेलच असं धरून चालू नका. प्रत्येक थांब्याला आधी फोन करा. माझं ऐकाल तर अशी गाडी या प्रवासाला घेऊच नका. ऑक्टेन वाढवणारी बाटली सोबत घ्यावी असा सल्ला कोणी दिला तर तोही मानू नका. अशा काही बाटल्यांत टोल्युइन किंवा झायलीनच असतं, म्हणजे जे पेट्रोलमधून काढायला इतका खटाटोप केला तेच आपण बाटलीत भरून घेऊन जायचं!

स्वतःची जुनी, कार्ब्युरेटरची गाडी किंवा जनरेटर नेणार असाल तर इंधनाच्या नळ्या आणि वॉशर आधी तपासून घ्या. अ‍ॅरोमॅटिक घटकांमुळे रबर किंचित फुगतं. ते कमी झाल्यावर जुनं, कडक झालेलं रबर आक्रसून गळू शकतं. नव्या गाड्यांना ही काळजी नाही.

थांबे ठरवा

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते उलुरूजवळचं युलारा हे सुमारे 450 किलोमीटर अंतर आहे. वाटेत 200 किलोमीटरवर एर्लडंडा, आणि युलाराच्या 85 किलोमीटर अलीकडे कर्टिन स्प्रिंग्ज. रस्ता डांबरी आहे. एर्लडंडाला टाकी पूर्ण भरली की चिंता उरत नाही.

युलाराच्या पश्चिमेला लॅव्हर्टनपर्यंत जाणारा ग्रेट सेंट्रल रोड मात्र वेगळं प्रकरण आहे. 1,100 किलोमीटरच्या आसपास अंतर, बराचसा कच्चा रस्ता, आणि मध्ये वाराकुर्ना, वॉरबर्टन, त्जुकायिर्ला ही मोजकी रोडहाउस, म्हणजे पंप आणि दुकान असलेले थांबे. दोन थांब्यांत 200 ते 300 किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त जातात. हा रस्ता आदिवासींच्या जमिनीवरून जातो, त्यामुळे परवाना लागतो. नॉर्दर्न टेरिटरीतल्या भागाचा परवाना सेंट्रल लँड कौन्सिल देते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या भागासाठी वेगळा काढावा लागतो. भाड्याच्या साध्या गाड्यांना कच्च्या रस्त्यावर विमा सहसा लागू होत नाही, तेव्हा करार नीट वाचा.

रोडहाउस रात्री बंद होतात आणि सुट्टीच्या दिवशी वेळा बदलतात. खडबडीत रस्ता, सतत चालू एसी, छतावरचं सामान यामुळे गाडी शहरातल्यापेक्षा जास्त पेट्रोल पिते. अर्धी टाकी उरली आणि पंप दिसला की भरा, भाव बघत बसू नका. आडवाटेला पेट्रोल महागच असतं. त्याचं कारण वाहतूक आणि अंतर, लो अ‍ॅरोमॅटिक असणं नव्हे.

भरताना

टाकीत आधीचं साधं पेट्रोल असलं तरी त्यावरच हे भरा. टाकी रिकामी करायची नाही, प्रमाण मोजायचं नाही. मात्र इथेनॉलमिश्रित ई-10 मध्ये हे मिसळू नका. परत शहरात आल्यावर उरलेल्यावर पुन्हा साधं पेट्रोल भरलं तरी चालतं. गाडीच्या ओढीत किंवा आवाजात तुम्हाला फरक जाणवणार नाही.

काही वस्त्यांमध्ये पंपाभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा आणि कुलूप दिसेल. तो जुन्या दिवसांतला बंदोबस्त आहे. दुकानात जाऊन सांगितलं की माणूस येऊन कुलूप उघडतो. घाई करू नका.

जास्तीचा कॅन नेताना

हा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानते. शहरातून कॅनमध्ये साधं किंवा प्रीमियम पेट्रोल भरून वस्त्यांच्या भागात नेऊ नका. 2013 च्या लो अ‍ॅरोमॅटिक फ्युएल कायद्याने सरकारला ठरावीक भागांत साध्या पेट्रोलच्या विक्रीवर बंदी घालण्याचा अधिकार दिला आहे, आणि काही वस्त्यांचे स्वतःचेही नियम आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी, कॅम्पवर रात्री उघड्यावर राहिलेला साध्या पेट्रोलचा एक कॅन एखाद्या वस्तीची अनेक वर्षांची मेहनत वाया घालवू शकतो. जास्तीचं पेट्रोल हवंच असेल तर अ‍ॅलिस स्प्रिंग्जला लो अ‍ॅरोमॅटिकच भरून घ्या.

पेट्रोलसाठीचा मान्यताप्राप्त कॅनच वापरा. भरताना तो गाडीत न ठेवता जमिनीवर टेका, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायचा धोका टळतो. वर थोडी जागा मोकळी सोडा. उन्हात पेट्रोल प्रसरण पावतं. कॅन माणसं बसतात त्या भागात ठेवू नका. त्याला आणि टाकीच्या झाकणाला कुलूप हवं.

गाडीतले डिओडरंटचे स्प्रे, रंगाचे डबे, पंक्चरचा गोंद हेही नजरेआड, कुलपात ठेवा. पेट्रोल मिळेनासं झालं की हुंगणारी मुलं अशा वस्तूंकडे वळतात. जमलं तर स्प्रेऐवजी रोल-ऑन घ्या.

आणि लो अ‍ॅरोमॅटिक म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका. नशा चढत नसली तरी त्याची वाफ फुफ्फुसांना घातकच आहे, आणि ते साध्या पेट्रोलइतक्याच सहज पेट घेतं. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायचं नाही, पंपाजवळ सिगारेट नाही.

परत येताना

कॅनमध्ये उरलेलं पेट्रोल शेवटच्या टप्प्यात गाडीच्या टाकीत ओतून टाका. रिकाम्या कॅनमध्येही वाफ राहते, त्यामुळे तो वस्तीत किंवा कॅम्पच्या कचऱ्यात टाकू नका. झाकण घट्ट लावून शहरापर्यंत सोबत आणा. विमानात असा कॅन नेता येत नाही, म्हणून गाडी परत करताना तिथल्याच माणसाला विचारून त्याची सोय लावा.