इबिझाला चाललात? मग या चुका टाळा

उन्हाळा जवळ आला की स्पेनमध्ये राहणाऱ्या माझ्यासारखीला भाचरांचे, त्यांच्या मित्रांचे आणि मैत्रिणींच्या मुलांचे फोन सुरू होतात. "मावशी, इबिझाला चार दिवस जातोय, काय काय करू?" मी सगळं नीट सांगते. परत आल्यावर बहुतेकांच्या तक्रारी त्याच असतात: पैसे पाण्यासारखे गेले, क्लब रिकामा होता, टॅक्सी मिळाली नाही, किनाऱ्यावर घाण होती. या तक्रारींत इबिझा या स्पॅनिश बेटाचा दोष फार थोडा असतो. आपण गोव्याच्या सवयी घेऊन जातो, आणि वर घाईत असतो.

गोव्याशी या बेटाचं नातं आहे, हे खरं. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी मंडळी उन्हाळा इबिझात आणि हिवाळा गोव्यातल्या हणजूणला काढायची. हणजूणचा बाजार बुधवारचा, आणि इबिझात एस कानारला १९७३ पासून भरणारा हिप्पी बाजारही बुधवारचाच. पण नातं असलं म्हणून दोन्हीकडचे रिवाज एक होत नाहीत.

अकरा वाजता क्लबात शिरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती फक्त उतावीळपणाने होते.

पुण्याहून सहा जणांचा गट आला होता, सगळे आयटीतले, हुशार. 'पाचा' या क्लबची तिकिटं महिनाभर आधीच काढून ठेवलेली. आठ वाजता जेवले, साडेअकराला दारात हजर. आत पन्नास माणसंही नव्हती. करायला काही नाही म्हणून पेय मागवलं, मग दुसरं. एकेक पेय वीस युरोंच्या पुढे, पाण्याची छोटी बाटली दहाच्या पुढे. दोन वाजेपर्यंत सगळे दमलेले आणि वैतागलेले. ते दाराबाहेर पडत होते तेव्हा आत शिरणाऱ्यांची रांग लागली होती. ज्या डीजेसाठी एवढा खर्च केला, तो साडेतीनला वाजवायला उभा राहिला. त्या वेळी ही मंडळी टॅक्सीच्या रांगेत होती.

वर राहायचं ठिकाणही चुकलेलं. स्वस्त मिळालं म्हणून हॉटेल घेतलं सांत अंतोनीला, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर. आणि तिकिटं सगळी इबिझा शहरातली आणि प्लाया देन बोसाची, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाची. मध्ये पंधरा-वीस किलोमीटर. रात्री एका बाजूची टॅक्सी तीस युरोंच्या घरात जाते आणि चारपेक्षा जास्त माणसं सहसा एका गाडीत घेत नाहीत. म्हणजे सहा जणांना दोन टॅक्स्या, जाताना आणि येताना. हॉटेलमध्ये वाचवलेले पैसे दोन रात्रींत गेले. उन्हाळ्यात रात्री क्लबांच्या वाटेवर डिस्कोबस धावते, हे त्यांना मीच सांगितलं होतं. "बसने कोण जाणार" म्हणाले.

या बेटावर रात्र उशिरा सुरू होते, त्यामागे कारण आहे. जुलैत सूर्यच नऊच्या पुढे मावळतो. दहा-साडेदहाला लोक जेवायला बसतात. क्लब दोनच्या सुमाराला भरतो आणि सहाला संपतो. इथल्या संगीताची घडणही तशीच आहे. ऐंशीच्या दशकात इथल्या अ‍ॅम्नेशिया या क्लबला छप्पर नव्हतं, आणि तिथे अल्फ्रेदो नावाचा अर्जेंटिनाचा डीजे पहाटेपर्यंत वाजवायचा. रॉक, पॉप, शिकागोचं हाउस, सगळं एकात एक गुंफत तो रात्र हळूहळू चढवत न्यायचा. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनहून सुट्टीला आलेल्या काही तरुण डीजेंनी ते ऐकलं, परत जाऊन तसलेच क्लब काढले आणि ब्रिटनमधलं नाचाचं संगीत बदलून गेलं. ती हळूहळू चढणारी रात्र ऐकायचीच नसेल, तर तिकीट कशाला काढायचं?

माझा क्रम ठरलेला आहे. दुपारी पोटभर जेवण, मग दोन-तीन तास झोप. संध्याकाळी सूर्यास्त, साडेदहाला हलकं जेवण, आणि क्लबात दीडच्या सुमाराला. कोण किती वाजता वाजवणार हे बहुतेक क्लब त्याच दिवशी जाहीर करतात. ते बघितल्याशिवाय मी निघत नाही. ज्यांना जागरण झेपत नाही त्यांनी उशुआयाला जावं. तो उघड्यावरचा, दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमाराला संपणारा कार्यक्रम असतो. तिथे लवकर जाणं योग्यच.

आणि राहायला जागा घ्यायच्या आधी कुठे नाचायचंय ते ठरवा. हॉटेल आधी आणि बेत मागून, हा उलटा कारभार बंद करा.

रोज रात्री क्लब

चार रात्री, चार क्लब. जाताना सगळ्यांना हे शक्य वाटतं. तिकीट साठ ते शंभर युरो, आत दोन-तीन पेयं, पाणी, टॅक्सी. माणशी एका रात्रीचे पंधरा-वीस हजार रुपये सहज होतात. तिसऱ्या रात्री कुणाच्या अंगात नाचायचा त्राण उरत नाही, पण तिकीट काढलंय म्हणून जातात आणि भिंतीला टेकून उभे राहतात. चार दिवसांत दोन रात्री पुरे. मध्ये एक रात्र मोकळी ठेवा.

खर्च वाचवायला दुकानातून दारू आणून रस्त्यावर प्यायची, हाही एक आडमार्ग मुलं शोधतात. सांत अंतोनीच्या दारूच्या गुत्त्यांच्या भागात दुकानांना रात्री साडेनऊपासून सकाळी आठपर्यंत दारू विकायला बंदी आहे आणि रस्त्यावर पिणाऱ्याला शेकडो युरो दंड होतो. 'एकावर एक फ्री'सारख्या योजनांनाही तिथे बंदी आहे.

लायसन्स नसताना स्कूटर

याबद्दल मी कडक बोलते आणि बोलत राहणार.

मैत्रिणीचा भाऊ नाशिकहून दोन मित्रांबरोबर आला होता. गोव्यात दरवर्षी स्कूटर भाड्याने घेतात, तशीच इथे घेतली. त्याच्या लायसन्सवर फक्त चारचाकीची नोंद. रस्त्याकडेच्या एका दुकानदाराने फोनवरचा फोटो बघितला, पासपोर्टची प्रत घेतली आणि किल्ली दिली. पायात स्लिपर, अंगात बनियन. उत्तरेकडच्या एका छोट्या काल्याकडे, म्हणजे खडकांमधल्या लहानशा किनाऱ्याकडे, जाणारी वाट कच्ची होती. उतारावर खडी, पुढचं चाक घसरलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं, गुडघा आणि कोपर सोलून निघालं. पुढचा भाग त्याहून वाईट. विमा कंपनीने सांगितलं की ज्या वाहनाचा परवाना नाही ते चालवताना झालेला अपघात विम्यात बसत नाही. इस्पितळाचं बिल, मोडलेल्या स्कूटरची भरपाई, बदललेलं विमानाचं तिकीट, सगळं त्याच्या बापाच्या खिशातून गेलं. दुकानदाराने किल्ली दिली म्हणजे कायद्याने परवानगी मिळाली असं होत नाही, हे त्याला इस्पितळात पडल्यावर कळलं.

भारतीय लायसन्सवर इथे वाहन चालवायचं तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतच मिळतो आणि वर्षभर चालतो. त्यावर दुचाकीची नोंद हवी. ती मूळ लायसन्सवर असेल तरच येते. हेल्मेट दोघांनाही सक्तीचं. रस्त्याची उजवी बाजू आपली, आणि चौकातल्या गोल चक्करमध्ये जो आधीपासून फिरतोय त्याला आधी जाऊ द्यायचं. क्लबच्या वाटांवर पोलीस सकाळीही तपासणी करतात. चार वाजता शेवटचा घोट घेतलेल्या माणसाच्या रक्तात आठ वाजताही दारू असते. थुंकीतून अमली पदार्थही तपासतात, आणि त्या बाबतीत माझं एकच सांगणं आहे: कुणी काहीही देऊ केलं तरी घेऊ नका.

मी तिथे छोटी चारचाकी घेते, आणि ती चार महिने आधी ठरवते. २०२५ पासून उन्हाळ्यात बेटावरच्या गाड्यांच्या संख्येवरच मर्यादा घातली आहे, त्यामुळे ऐन वेळी गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. गाडी नको असेल तर दिवसा बस चांगली आहे. बहुतेक मोठे किनारे बसने होतात.

"किनाऱ्यावर घाण आहे"

किनाऱ्यावर तपकिरी, वाळलेल्या पात्यांचे ढीग दिसतात आणि लोक हॉटेलात तक्रार करतात. तो कचरा नाही. ती पोसिडोनिया आहे, समुद्रतळावर वाढणारी वनस्पती. शेवाळ नव्हे, तिला मुळं, पानं, फुलं असतात. इबिझा आणि शेजारचं फॉर्मेन्तेरा बेट यांच्यामध्ये तिची मोठी कुरणं आहेत, आणि २००६ मध्ये तिथे सुमारे आठ किलोमीटर पसरलेलं एकच रोप सापडलं. एकच जीव, हजारो वर्षांचा. इथलं पाणी काचेसारखं नितळ आहे ते हिच्यामुळे, कारण ती गाळ धरून ठेवते. वाळलेल्या पात्यांचे ढीग हिवाळ्यातल्या लाटांपासून वाळू वाचवतात. १९९९ मध्ये युनेस्कोने बेटाला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा जुन्या शहराबरोबर ही कुरणंही त्यात धरली.

पंधरा अश्वशक्तीपर्यंतची छोटी बोट इथे लायसन्सशिवाय भाड्याने मिळते. घेतलीत तर नांगर पाण्यातल्या फिकट, वाळूच्या जागीच टाका. गडद दिसतं ती कुरणं. तिथे नांगर टाकणं बेकायदा आहे, आणि मला विचाराल तर पापही.

दिवस झोपून काढणं

संध्याकाळी ऊन उतरलं की दाल्त विला चढा. फिनिशियन लोकांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात वसवलेलं हे शहर. आज दिसणारी तटबंदी सोळाव्या शतकातली, तुर्की हल्ल्यांच्या भीतीने स्पेनच्या राजाने इटालियन स्थापत्यतज्ज्ञाकडून बांधून घेतलेली. आपल्यासारख्या किल्ले बघत वाढलेल्या माणसांना तिचे बुरूज आणि वळणावळणाचा दरवाजा बघायला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त मजा येते, असा माझा अनुभव. वर चढायला पैसे पडत नाहीत.

सूर्यास्तासाठी सांत अंतोनीचं काफे देल मार प्रसिद्ध आहे, १९८० पासूनचं. एकदा जा. मला स्वतःला काला दॉर्टच्या वरून एस वेद्रा बघायला आवडतं. समुद्रातून सरळ चारशे मीटर वर आलेला खडक आहे तो. गाडी लावायला जागा हवी तर दोन तास आधी पोचा.

फॉर्मेन्तेराला बोटीने अर्धा तास लागतो. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा, तिथे सायकल घ्या, सेस इयेतेसचा किनारा गाठा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. ती चुकली तर ऐन हंगामात तिथे रात्रीपुरती खोली मिळणं जवळजवळ अशक्य.

बाकीच्या, थोडक्यात

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह आणि लसणीची चटणी येते. ती फुकट नसते, नको तर लगेच परत करा.

शाकाहाऱ्यांनो, 'वेजिताल' नावाच्या सँडविचमध्ये बहुतेक वेळा टूना मासा आणि अंडं असतं. "सिन आतून, सिन हामोन", म्हणजे टूना नको, हॅम नको, एवढं पाठ करा.

बीच क्लबातली खाट घेताना किमान किती खर्च करावा लागेल ते आधी विचारा. आकडा तीन अंकी असू शकतो. साध्या किनाऱ्यावर चटई टाकून बसायला कुणी हरकत घेत नाही.

लास दालियासच्या शनिवारच्या बाजारात आपल्याकडचेच घागरे आणि अगरबत्त्या दिसतील, त्या घेऊ नका. सेस सालिनेसच्या मिठागरांतलं मीठ घ्या.

विमानतळावर जवळ येऊन "टॅक्सी?" विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका, रांगेतली अधिकृत टॅक्सीच घ्या.

हॉटेलच्या बाल्कनीतून बाल्कनीत किंवा तलावात उडी मारणं हा इथे दंडाचा आणि हॉटेलातून हाकलले जाण्याचा विषय आहे. दर उन्हाळ्यात बेटांवर यात तरुण मुलांचे जीव जातात.

किनाऱ्यावर स्त्रिया उघड्या अंगाने पहुडलेल्या असतात, एस कावायेतसारख्या ठिकाणी बरेच जण विवस्त्र असतात. मुलग्यांनो, टक लावून बघू नका आणि फोन त्या दिशेला वळवू नका. आपल्या गटातला कुणी तसं करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. यावर मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

तारखा आणि व्हिसा

दिवाळीच्या सुट्टीत इबिझा, असा बेत दर वर्षी कुणीतरी करतं. क्लब एप्रिलअखेर-मेमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ सगळे बंद होतात. नाचायलाच जायचं असेल तर जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर धरा. समुद्र सप्टेंबरमध्ये जास्त उबदार असतो आणि गर्दी ऑगस्टपेक्षा कमी.

भारतातून थेट विमान नाही, बार्सिलोना किंवा माद्रिदसारख्या ठिकाणाहून जावं लागतं. शेंगेन व्हिसा लागतो. लंडनला राहणाऱ्या आपल्या मुलांनाही, पासपोर्ट भारतीय असेल तर लागतो, ब्रिटनचा व्हिसा इथे चालत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. उन्हाळ्याच्या भेटीच्या तारखा लवकर भरतात. जूनला जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख घ्या, आणि क्लबची तिकिटं व्हिसा हातात आल्यावर काढा, कारण ती बहुधा परत घेत नाहीत.